घाणेरी सुकली

मळा, नांदगाव
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

चि. सायली,

तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत, तूही असशीलच. हातात फोन असताना आई कागद काळे करत बसली, असं म्हणून हसशील. हस. तुझा फोन कायम गाडीत, स्पीकरवर, आणि शेजारी तुझ्या दोघी मैत्रिणी खिदळत असतात. त्यात मनातलं काय बोलायचं? शिवाय मी सातवीपर्यंत शिकले ती काय नुसती रेशनच्या दुकानात सही करायला? डेअरीचा समाधान संध्याकाळी दुधाची गाडी घेऊन नाशिकला निघेल, त्याच्याकडे हे पत्र देते.

अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण गोठ्यात बसून लिहिते आहे. दाराला आणि खिडकीला गोणपाट लावलंय, उजेड कमी आहे. ऊन फार तापतं, म्हणून लावलं.

कांद्याचं रोप छान उतरलंय. नानांचा गुडघा कुरकुरतो आणि नाना त्याहून जास्त कुरकुरतात. काळी गाय दूध बरं देते आहे, तिचं वासरू द्वाड निघालं. चांदी बरी आहे.

गायरान तर तुला ओळखू यायचं नाही. इतकी वर्षं घाणेरीच्या काटेरी झुडपांनी सगळं गिळलं होतं, जनावराला आत शिरायला वाट नव्हती. गावानं किती वेळा कोयते घेतले आणि हात सोलून परत आला. तू आलीस, ड्रोनचा डबा उघडलास, पाती फिरली आणि एका सकाळीत तणनाशक फवारून मोकळी झालीस. शेजारच्या फकिराभाऊंनी स्वतः पाण्याचे ड्रम भरून दिले, मशिनीपुढे नारळ फोडला. आणि नाना! ‘पोरीच्या जातीनं असलं यंत्र उडवायचं नाय’ म्हणून दोन महिने स्वतःच्या लेकीशी अबोला धरणारे नाना मान वर करून इतके बघत राहिले की टोपी पडली. त्यांना वाटतं कुणी पाहिलं नाही. नंतर दुकानात काडेपेटी आणायला गेले तरी गोष्ट तुझ्या मशिनीवर आणायचे.

आता घाणेरी सगळी सुकली आहे. खालून गवत दिसतं. जिथे कधी गेली नाहीत तिथे गुरं जातात.

सोमवारी पुढच्या गावचं गायरान आहे म्हणालीस. टोपी घालत जा. पाणी पीत जा. ते सोमवारचं काम थोडं पुढे ढकलता येईल का गं? सहज विचारते.

सहज नाही, सायली. सकाळपासून दोनदा फोन लावला. तू ‘बोल गं आई’ म्हणालीस आणि मी कांद्याच्या रोपाचं सांगून ठेवून दिला. कागदावरही तेच चाललंय बघ माझं.

वसुबारसेला तू चांदीला कुंकू लावलंस तेव्हा तिनं मान फिरवली होती. आपण म्हटलं, लाडात आली आहे. ती लाडात नव्हती. तू गेल्यावर ती उन्हात यायलाच तयार होईना. भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. डोळे पिवळे पडले. नाकावरची, कासेची पांढरी कातडी पापडासारखी तडकून सुटायला लागली. हात लावला की थरथरायची. गोणपाट तिच्यासाठी लावलं होतं.

गुरांचे डॉक्टर आले. चरायला कुठे जाते, एवढंच विचारलं आणि गायरान बघून आले. म्हणाले, “औषधानं काही केलेलं नाही. हिरवी घाणेरी जनावर तोंडात धरत नाही. पण सुकायला लागली की तिचा वास जातो, पाला मऊ पडतो आणि गवताबरोबर पोटात जातो. मग कावीळ होते, ऊन सोसत नाही.” काळी नुकती व्यालेली म्हणून घरी बांधलेली होती, ती वाचली.

डॉक्टर गेल्यावर नाना मला म्हणाले, “तिला कळवू नको. आत्ता कुठं पोरगी उभी राहिली हाय.” ज्यांना तुझं उडवणं नको होतं, ते हे म्हणाले. मला रडू आलं, आणि मी गप्प बसले.

पण फकिराभाऊंच्या दोन कालवडींनाही तेच झालं. पेंडच वाईट निघाली असं समजून ते पेंडवाल्याशी भांडून आले, आणि बाकीची गुरं रोज गायरानात सोडत राहिले. काल मी नुसतं म्हटलं, काही दिवस घरीच बांधा. तर हसले. “वैनी, इतक्या वर्षांनी गायरान मोकळं झालं, आन् बांधा म्हणता? तुमच्या सायलीचे लय उपकार हायेत.” मला तिथे उभं राहवेना.

आज पहाटे चांदी गेली.

नानांना म्हटलं, आत्ता जा आणि फकिराला खरं काय ते सांगा. ते जागचे हलले नाहीत. मग मीच गेले. घाणेरीचं सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. फकिराभाऊंनी सोडलेली गुरं परत बांधली. मला वाटलं आता शिव्या देतील. ते म्हणाले, “सायलीला ठाव हाय का? नसंल तर आधी तिला सांगा. ती दुसऱ्या गावात निघाली असंल.”

म्हणून लिहिते आहे. ज्याच्या कालवडी आजारी, त्याला त्या गावची गुरं आठवली. मला तुझं हिरमुसलेलं तोंडच दिसत होतं.

सोमवारी मशीन उचलायच्या आधी तिथल्या लोकांना समोर बसवून सांग. सुकलेली घाणेरी कापून उचलेपर्यंत एकही जनावर आत जायचं नाही. ते कबूल नसतील, किंवा तुझे साहेब घाई करतील, तर रिमोट खाली ठेव आणि गाडीत जाऊन बस. नोकरी गेली तर घरी दोन भाकऱ्या आहेत. तू फवारलंस ते भल्यासाठी. तेव्हा तुला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हालाही नव्हतं. पण आता तुला माहीत झालं आहे, सायली.

नाना दुपारपासून कोयता घेऊन गायरानात गेले आहेत, फकिराभाऊ बरोबर आहेत. गुडघ्याचं नाव काढलं नाही.

रविवारी ये. फकिराभाऊंच्या दारावरून ये, आडवाटेनं नको. त्यांच्यापुढे तू स्वतः उभी राहा, मी शेजारी असेन.

चांदी बरी आहे असं वर लिहिलंय, तेवढं खोडून वाच. तिची जागा माझ्या शेजारीच आहे, रिकामी. दाराचं गोणपाट मला अजून काढवलेलं नाही. तू आलीस की दोघी मिळून काढू.

वाट बघणारी,
तुझी आई