जेवताना काढून ठेवलेली नळी

प्रिय बाबा,

तुमचं तेरावं झालं आणि आज मी शाळेत गेले. दहावीच्या वर्गात नेमका तोच धडा निघाला, श्वसनाचा. फळ्यावर लिहिलं, अन्न आणि ऑक्सिजन दोन्ही पेशीत पोचले की ऊर्जा मिळते. मागच्या बाकावरची सना उठली. "मॅडम, खाना पूरा मिले और ऑक्सीजन कम पड़े, तो?" "उद्या सांगते," म्हणत मी फळा पुसायला लागले. घंटा वाजली म्हणून सुटले. हे तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

तुमची ती सवय! कारखान्यात हेल्मेट, हातमोजे, सगळं उतरवून मगच डबा उघडायचात. इथे अयोध्या नगरच्या घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, तरी तेच. ताट आलं की नाकातली नळी काढायची, नीट गुंडाळून ठेवायची, ताटाभोवती पाणी फिरवायचं. "नळी लावून पानावर बसू? मी काय पेशंट आहे?" होतातच की हो पेशंट!

डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवतानाही काढू नका. पण नळी नसली की तुम्ही दोन घास जास्त खाता असं मला वाटायचं, म्हणून मी गप्प बसायचे. पोटात गेलं की ताकद येईल, एवढंच डोक्यात.

अर्ध्या पोळीवर तुमचा हात थांबायचा. "बास गं मंजू, थकलो." आणि मी, इतकी वर्षं हाच धडा शिकवणारी, काय म्हणायचे? "जेवून कोणी थकतं का, बाबा? नाटकं नकोत." तुम्ही हसायचात आणि आणखी एक घास घ्यायचात, माझ्यासाठी. का नाही ओरडलात माझ्यावर? चावायला, गिळायलासुद्धा ऊर्जा लागते, आणि ती बनवायला ऑक्सिजनच पुरत नव्हता तुम्हाला. हे मला येत होतं हो. परीक्षेत विचारते मी!

फार थकलेय, बाबा. रडायचाही कंटाळा आलाय.

उद्या सनाला उत्तर देईन. पोटभर जेवलेला माणूसही थकतो, आणि तो थकलो म्हणाला तर ते खरं मानायचं, असं सांगेन. आज आई जिना चढून आली आणि म्हणाली, "थकले गं." ताट वाढलेलं होतं. मी तिला आधी खिडकीपाशी बसवलं, तिची धाप शांत होईपर्यंत थांबले. यापुढेही थांबेन. शब्द देते.

तुमची,
मंजू