काशम्माची वाटी आणि आठ कॅप्सूल

सोलापूर

चि. संघपाल यास आत्याचा सप्रेम जय भीम. तुझी, सूनबाईची आणि तुमच्या त्या कुत्र्याची तब्येत उत्तम असेल असे गृहीत धरते, कारण कळवायची पद्धत तू बंद केली आहेस. (मी फोन करत नाही, तुम्ही डॉक्टर लोक फोनवर मध्येच बोलता.)

पत्रास कारण, माझ्यावर झालेला अन्याय. गेल्या महिन्यात घसा सुजून ताप आला, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांच्या चौदा कॅप्सूल दिल्या. तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. आठ उरल्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ताटात शीत राहू देत नसत, पण ते जेवणाबद्दल. बरे झाल्यावरही औषध गिळत बसणे ही शुद्ध उधळपट्टी. त्यात शेजारच्या काशम्माला सर्दी-ताप, आणि तिची शेंगाचटणीची वाटी माझ्याकडे पडून. वाटी रिकामी परत करायची नसते, हे तुझ्या आईने शिकवले असेलच. घरात साखर संपलेली. मी वाटीत त्या आठ कॅप्सूल घातल्या. (वर स्वच्छ झाकणही ठेवले.)

पहिल्याच कॅप्सूलने काशम्माच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ भज्यांसारखे फुगले. मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. इंजेक्शनने सावरली आणि सगळ्या पेशंटांसमोर म्हणाली, "तुमी इंग्रजी शिकल्याली बाई, म्हणून इचारलं न्हाई की!" मग डॉक्टरीणबाईंनी (माझी नोकरी तिच्या वयापेक्षा मोठी) माझा तासच घेतला. म्हणे, सर्दी विषाणूंची, तिथे हे औषध काही करत नाही. एकाला मानवते ते दुसऱ्याचा जीव घेऊ शकते. आणि अर्ध्यात सोडले की लेचेपेचे जंतू मरतात, दांडगे उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. पस्तीस वर्षे पोस्टात एकही पाकीट चुकीच्या दारी जाऊ न दिलेल्या बाईने हे ऐकून घ्यावे! मी ताठ मानेने सांगितले, माझ्या चौदाही पोटात गेल्या, काशम्माला दिल्या त्या घरातल्या जुन्या होत्या.

तुझी,
आत्या

ता. क. कालपासून घसा पुन्हा धरला आहे. ताप एकशे दोन. चौदा खाऊनही ताप परत आला असे समजून डॉक्टरीणबाई भलतेच जालीम काही देईल. सहाच गेल्या होत्या, हे तिला तू फोन करून सांग. मला जमणार नाही.

आणखी ता. क. काशम्माची सून आत्ताच वाटी देऊन गेली. रिकामी नाही. आत सात कॅप्सूल आणि सासूचा निरोप, "बाईंना म्हणावं, आता तरी पुऱ्या करा."