ग्लोव्ह नरम करताना

माय, गेल्या आठवड्यात मी नवा ग्लोव्ह आणला, सेहेचाळिसाव्या वर्षी. घरातले हसले. पण इथं अमरावतीत आमच्या वयाच्या बायकांची सॉफ्टबॉलची टीम उभी राहतेय आणि मला तिच्यात खेळायचंच आहे. नवा ग्लोव्ह कसा असतो ते तुला मी सांगायला नको. पुठ्ठ्यासारखा ताठ, मिटता मिटत नाही, चेंडू आत आला की आदळून बाहेर पडतो.

अकोल्यात मी नववीत असताना तू आणून दिलेला ग्लोव्ह असाच होता. जठारपेठेत भाजी विकून तू थेट दुकानात गेली होतीस, कारण शाळेतले ग्लोव्ह पार फाटले होते. जिल्ह्याच्या निवडीला आठच दिवस उरले होते आणि सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा नरम झाला नाही तर तू बाहेर बसशील." मी स्वयंपाकघरात येऊन तो भिंतीवर आपटायला लागले. तू भाकरी थापत होतीस.

"काहून आपटून राहिली त्याले?"

"तुले काय समजते सॉफ्टबॉलमधलं?" मी फटकन बोलले.

तू तवा उतरवलास, हात पुसलेस. "सॉफ्टबॉलमधलं नाई समजत. कातड्यातलं समजते. नवी चप्पल लागते तं तेल लावतोच ना आपण? आण इकडं."

खोबरेल तेलाची दोन बोटं, बस. मग तू तो कणकेसारखा मळायला बसतेस, अंगठ्यापाशी, करंगळीपाशी, जिथं तो मिटायला हवा नेमकं तिथं. आत चेंडू ठेवून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधतेस आणि गादीखाली सरकवतेस. आणि म्हणतेस, "आता रोज झेलत जाय. मी फेकतो." जन्मात चेंडू न धरलेली बाई घरामागच्या भाजीच्या वाफ्यांच्या कडेला पदर खोचून उभी राहायची. पहिल्या दिवशी तुझा चेंडू मेथीत गेला. चौथ्या दिवशी छातीशी यायला लागला. मी परत फेकलेला झेलायला तुझ्याकडं नुसते हात. आठव्या दिवशी ग्लोव्ह आपोआप मिटला आणि निवडीत माझ्या हातून एकही झेल सुटला नाही. पुढं चार वर्षं मी जिल्ह्याकडून खेळले.

आता हाही मी तसाच मळतेय. गुडघा कुरकुरतो, तरी रोज सकाळी मैदानावर जाते. लेक चेंडू फेकायला येते. आज माझा परतीचा चेंडू तिच्या बोटावर बसला. मी तिथंच खेळ थांबवला, बर्फ लावला, डॉक्टरकडं नेलं. ती म्हणत होती, "आई, एवढं काही नाही झालं." घरी येऊन हे लिहायला बसले. तू आता नाहीस, हे कुठं पाठवायचं नाही, ठाऊक आहे. लिहून कपाटात ठेवीन.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी माझा चेंडू तुझ्या उजव्या हाताच्या बोटावर लागला होता. "काई नाई झालं," तू म्हणालीस. ते बोट पुढं कधी सरळ झालं नाही. मला तेव्हा कळलंच नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. कळलं होतं, माय. ते सुजताना मी पाहत होते. तरी म्हटलं, "आणखी दहा." आणि तू डाव्या हातानं दहा फेकलेस.