आडवा ठेवलेला रेडिओ

१४ नोव्हेंबर, बुधवार दुपार

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. माझा खोकला गेला, जिन्यातला दिवा गेला तो गेलाच. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आल्यामुळे बाबांना शिलाईतून मान वर करायला फुरसत नाही.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या रेडिओ केंद्रात पहिल्या तारखेपासून सकाळची पाळी मागून घेतोयस म्हणे. छान. छान म्हटलं खरं, पण तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा दूध उतू गेलं.

सांगूनच टाकते. दिवसा तुझं केंद्र इथे लागत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सूर्य कलला की आपल्या इथल्या केंद्रावर खरखर सुरू होते आणि बाजारभावांच्या मध्येच तुझा आवाज घुसतो. "काय हा गोंधळ!" म्हणून बाबा रोज करवादतात. मी आपली भाबडी, मला ते खरंच वाटलं. मागच्या आठवड्यात धूळ पुसताना खिडकीतला आडवा रेडिओ सरळ करून ठेवला. संध्याकाळी बाजारभाव स्वच्छ आणि तू पुसट. बाबा केवढ्यांदा ओरडले! "हात लावायचा नाही त्याला!" मग स्वतः उठून, कान देऊन, हळूहळू फिरवत परत आडवा केला. तसा ठेवला की इथलं केंद्र दबतं आणि तू वर येतोस.

आणि मशीनची मोटर? ती चालू असली की रेडिओ नुसता कुरकुरतो. एवढं काम अंगावर असून तिन्हीसांजेला मोटर बंद. कारण विचारलं तर म्हणे, "डोळे दुखतात." आणि डोळे दुखणारा हा माणूस अंधूक उजेडात हातानं बटणं लावत बसतो! मधूनच पुटपुटतो, "शेवटचा शब्द गिळतो अजून."

"बोलून कुणाचं पोट भरतं?" असं तुला सुनावणारे ते हेच. तू गेल्यापासून त्यांनी घरात तुझा विषय काढला नव्हता. मला त्याचा फार राग होता.

सोमवारी तुझ्या जागी कुणी बाई बोलत होत्या. कालही त्याच. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे बघत विचारलं, "बरा आहे ना तो?"

मी काय सांगणार, कपाळ! पाळीचं तुझं तू ठरव. पण त्यांनी विचारलंय, तर उत्तर मला पाठवू नकोस. संध्याकाळी माइकवर ये. नमस्कार सांगताना 'मी बरा आहे' एवढं म्हटलंस तर तुझे साहेब तुला काही खाऊन टाकणार नाहीत.

शेवटचा शब्द मात्र गिळू नकोस.

तुझी
ताई