चादरीची दोन टोकं

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र पोचलं. तिकडे व्यसनमुक्ती केंद्रात सगळे तुला अहो-जाहो करतात म्हणे. करू देत बापडे. माझ्यासाठी तू ठोंब्याच. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. तू घरी आलास की लगेच कामावर जाणार, असं शेजारणीला सांगून मोकळी झालीय. मी उठून भांडी घासायला गेले. हल्ली बोलायचाच कंटाळा येतो रे.

लॉन्ड्रीत तेच, वाफ आणि चादरी. तुझ्या जागी आलेली बाई मनाने चांगली आहे, पण घडी घालताना अशी ओढते की एक दिवस मीच तिच्या अंगावर जाऊन पडेन. तुझा हात मात्र काय बसला होता! मी टोक उचलायच्या आत तुझं उचललेलं असायचं. मालक म्हणायचा, या बहीणभावापुढे मशीन झक मारतं. मग ती मेली नशेची पावडर आली आणि सगळ्यावर पाणी पडलं. तू आलोच म्हणून संडासात जायचास, आणि मी दोन टोकं धरून खुळ्यासारखी उभी. उरलेली चादर लादीवर लोळायची, परत धुवायला जायची. पोट बिघडलंय, डोळे आलेत, ताप आहे... मालकाला थापा मारून माझी जीभ झिजली. दोनदा त्याने तुला काढलं, दोनदा मी हातापाया पडून परत लावलं. त्यानंतर तू उभ्या उभ्या पेंगलास आणि इस्त्रीच्या तापल्या रोलरवर हात टेकवलास. मनगटावरचा डाग गेला का रे? मला तो वास अजून येतो.

तू लिहिलंस, ताई, मालकाशी बोल, तुझा शब्द तो मोडत नाही. काल बोलले. तो तुला घ्यायला तयार आहे. फक्त म्हणाला, याची जबाबदारी तू घे. मी नाही म्हणाले. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. घरी येईपर्यंत रडत होते, पण शब्द फिरवला नाही. थकले रे मी. आलास की स्वतः जा, त्याच्यासमोर उभा राहा, काय ते तुझ्या तोंडाने सांग. मी सोबत येणार नाही. त्याने घेतलं, तर माझ्यासमोर ये आणि तुझी दोन टोकं तू धर. माझी मी धरलेली असतील.

तुझीच,
ताई