उपाशी भुंग्यांचा पिंजरा

२३ फेब्रुवारी
पोचले बाई एकदाची! जाफराबादहून घनसावंगी म्हणजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. जीपमध्ये अंगाचा चिवडा झाला, पण नोकरी लागली म्हटल्यावर सगळं माफ. इथं सगळे एकदम ‘रूपाली मॅडम’च म्हणून राह्यलेत!

काम मजेशीर आहे. गोदावरीच्या बंधाऱ्यात जलपर्णी इतकी माजलीय की पाणी दिसत नाही. ती खाणारे मुगाएवढे परदेशी भुंगे माझ्या ताब्यात आहेत. ते पिकं खात नाहीत ना, एवढं बघायचं. जाळीच्या पिंजऱ्यांत नुसती उसाची, कापसाची पानं ठेवायची. भुंगे उपाशी मेले की पास. मग आमचे साहेब, अंगद सर, बाकीचे बंधाऱ्यात सोडणार.

घरमालकीण सगुणामावशी एकट्याच राहतात, लेक-सून पुण्याला. पिंजरे ओसरीवर ठेवू दिले, पण जीव उपाशी मारायचा म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. त्यांच्या दारातून कुत्रंही उपाशी जात नाही म्हणे.

१७ मार्च
पानाला एक ओरखडा नाही, आणि भुंगा एकही मेला नाही. उलट गलेलठ्ठ झालेत मेले. सर फोनवर म्हणाले, पीक खाल्लं नाही ना, मग पास, रविवारी सोडू. मला काही हे बराबर वाटत नाही. खातायत तरी काय?

२० मार्च
भाकरी थापताना मावशींचा हातावर ओढलेला पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत चौकोनी चट्टे, साल खरवडल्यासारखे. भुंगे जलपर्णीच्या पानावर करतात, तस्सेच. विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "उपाशी व्हती लेकरं. मंग हात घातला आत. बिलकुल दुखत न्हाई गं."

२१ मार्च
सरांना सांगितलं. म्हणाले, म्हातारीला खरूज असेल. अहो, त्या पाण्यात बायका धुणं धुतात, पोरं डुंबतात! फोन ठेवला त्यांनी. उद्या पिंजरे जाळणार मी, सगळेच. मावशींना तसं सांगूनही टाकलं. त्या रडल्या.

२२ मार्च
पिंजरे रिकामे — मावशी पहाटेच बंधाऱ्यावर गेल्या सोडायला — जाळू नये म्हणून —

धावले. पोरं पाण्यातच होती. कमरेभर पाण्यात शिरून ओढली बाहेर. सगळी निघाली का? कुणी ओरडत नव्हतं, खिदळत होती —

काठावर बसलेय. मावशी माझ्या पायांना पदर गुंडाळतायत. खाली बघू नको म्हणतात. का? मला तर काहीच —