दोनदा केलेला फोन

प्रिय धाकटे,

तुझी ताई आता ऑफिसात बसते. तू हसशील म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं. हे गेल्यावर घर खायला उठायचं, डोळे शिवणाला साथ देईनात, म्हणून ऑफिस सहायकाच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी दारात उभी राहिले तर एका मुलीने विचारलं, मावशी, कोणाला सोडायला आलात? मी म्हटलं, मलाच.

शिकवणाऱ्या बाई माझ्या सुनेच्या वयाच्या, पण शिस्तीला कडक. पत्र कसं टाइप करायचं, फायलींना नावं कशी द्यायची, बैठकीत कोण काय बोललं ते थोडक्यात कसं टिपायचं, सगळं घोटून घेतलं. बोटं शिवणयंत्रावर वळलेली, त्यामुळे टाइपिंग लवकर जमलं. फोनने मात्र रडवलं. पहिल्याच सरावात समोरच्याला थांबवायचं बटण दाबायचं सोडून मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि शेजारणीला म्हणाले, हा कोण मेला सकाळी सकाळी डोकं खातोय! पलीकडे दुसऱ्या खोलीतून बाईच बोलत होत्या. हसून हसून पोरं लोळायची बाकी होती.

आई असती तर किती हसली असती. म्हणजे आधीची आई. शेवटची आई मला हात जोडून विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" मी येऊन जाऊन असायची, तू रोज तिच्याजवळ होतीस. हल्ली ती फार आठवते. का, ते सांगते.

वर्ग संपला की काही दिवस खऱ्या ऑफिसात काम करायचं असतं. मला घरांचे नकाशे काढणाऱ्या साहेबांकडे पाठवलं. उद्या भेटायला येणाऱ्यांना आज फोन करून वेळ पक्की करायची, हे माझं दुपारचं काम. गेल्या आठवड्यात एका कंत्राटदाराला फोन लावला, उद्या सकाळी या म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, आत्ताच तर सांगितलंत की. मी हो पण म्हटलं." मला वाटलं, थट्टा करतोय. फोनच्या पडद्यावर पाहिलं तर त्याचा नंबर दोनदा, एकाखाली एक. मधे चहा पिण्याइतकाही वेळ गेला नव्हता.

अगं, विसरणं मला नवं नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी मी. पण सापडला की आठवतं, इथे ठेवला होता. हे तसं नाही. मी त्या माणसाशी बोलले, त्याची तब्येतही विचारली असेन, आणि त्यातलं काही म्हणजे काही माझ्याजवळ नाही. शिवण उसवली तरी सुईची भोकं दिसतात. इथे कापड कोरं आहे. खात्री करून घेतली हो, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

आणि गंमत बघ. त्याने साहेबांजवळ माझं कौतुक केलं, तुमच्या नव्या बाई दोन-दोनदा विचारून घेतात म्हणून. साहेब खूश. कायमचं ठेवायचं म्हणतात, सोमवारी उत्तर हवंय. मला ती नोकरी हवी आहे गं. सकाळी नीट केस विंचरून बाहेर पडायला काहीतरी कारण हवं आहे. पण लोकांच्या वेळा जिच्या भरवशावर, तिचंच डोकं भरवशाचं नसेल तर? आता मी प्रत्येक फोनआधी पडदा तपासते. घरी गॅस तपासते, मग तपासला का, तेही तपासते. मुलाला काही बोलले नाही. तो लगेच मला घरात बसवील.

म्हणून तुला लिहितेय. आईचं अगदी पहिलं विसरणं फक्त तू पाहिलंस. कसं होतं ते? चहात दोनदा साखर? की सांगितलेलंच लगेच पुन्हा सांगणं? सगळं लिही, मला बरं वाटावं म्हणून काही गाळू नकोस. डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर सोबत ये. ते एकटीने ऐकायचं बळ माझ्यात नाही. आणि एक. असंच पत्र माझ्याकडून तुला याआधी आलेलं असेल, तर तसं सांग. माझ्यापासून लपवू नकोस.

तुझीच,
ताई